श्वासाची राखण
(श्वसनयंत्रे, त्यांची तपासणी आणि आपला खाणींचा मुलूख)



स्मृती-व्याख्यानाच्या व्यासपीठावरून साधारणपणे राजेरजवाडे, संत किंवा स्वातंत्र्यसंग्राम यांचा इतिहास सांगितला जातो. तो सांगितला जावा, हे योग्यच आहे. परंतु माणसाच्या इतिहासात काही प्रकरणे अशीही आहेत की ज्यांना ना पुतळे लाभले, ना पोवाडे. विषारी वायूत उतरणाऱ्या कामगाराच्या तोंडावरचा मुखवटा, त्याच्या पाठीवरचे नळकांडे, त्याला बाहेरची हवा पुरविणारी नळी आणि ही सारी साधने रोजच्या रोज तपासून ठेवणारा माणूस, यांचा इतिहास हे असेच एक प्रकरण होय. या विषयाचा आपल्या भागाशी निकटचा संबंध आहे, आणि त्यातून निघणारा धडा शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगा आहे. म्हणून आजचा विषय हा निवडला.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा यंत्राच्या शोधाचा इतिहास असला तरी माझा भर शोधावर नाही, तो तपासणीवर आहे. शोध एकदाच लागतो. तपासणी मात्र रोज करावी लागते. शोध लावणाऱ्याचे नाव पुस्तकात येते. तपासणाऱ्याचे नाव फार तर एखाद्या नोंदवहीत राहते. तरीही खाणीत, कारखान्यात अथवा गटारात उतरलेला माणूस जिवंत वर येतो, तो या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर.

१. पायाखालचा वारसा

आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे तालुके. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याची भाषा व सोयरीक मात्र वऱ्हाड-नागपूरशी जुळलेली राहिली, हे येथील कुणाला सांगण्याची गरज नाही. शेत संत्र्यांचे, बाजार नागपूरचा, आणि नोकरी खाणीत, रेल्वेत किंवा कारखान्यात, असे या भागातील अनेक कुटुंबांचे चित्र आहे.

या भूमीच्या पोटात काय आहे, याची जगाला ओळख सौंसरच्या नावानेच झाली. भूशास्त्राच्या ग्रंथांत 'सौंसर गट' या नावाने ओळखली जाणारी खडकांची मालिका नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या टापूत पसरलेली आहे. भारतातील मँगनीजचे काही सर्वोत्तम साठे याच खडकांत आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली या साठ्यांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. उत्तरेस पेंच आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत दगडी कोळसा आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी खाणकाम सुरू झाले आणि परासिया हे त्या पट्ट्याचे केंद्र बनले. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी नागपूर येथे स्थापन झाली, आणि या खाणी तिच्याकडे आल्या. अलीकडच्या काळात सौंसरजवळ बोरगावचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि खाणीशिवाय कारखान्याचाही रस्ता आपल्या मुलांना खुला झाला.

मँगनीजची धूळ, कोळशाच्या खाणीतील वायू आणि कारखान्यातील वाफा ही तिन्ही श्वासाची संकटे आहेत. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेला इजा होते, हे स्कॉटलंडमधील जेम्स कूपर या वैद्याने १८३७ सालीच नोंदवून ठेवले होते. त्या कामगारांच्या पायांतील बळ गेले होते, चाल बिघडली होती. दगडाच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस तर आणखी जुना. परंतु धूळ माणसाला वर्षानुवर्षे पोखरते, वायू क्षणात नेतो. आजचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्या संकटासंबंधी आहे.

आणि हे संकट केवळ खाणीपुरते नाही. आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्याला बंद पडलेल्या विहिरीचे भय ठाऊक आहे. बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत गाळ काढायला उतरण्यापूर्वी जुनी माणसे दोराने पेटता कंदील खाली सोडीत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. आपल्या भागातील श्वासाच्या तपासणीचे हे सर्वांत जुने साधन म्हणावे लागेल. त्यात शहाणपण होते, तसेच अपुरेपणही होता. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १६-१७ टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्योत विझते, आणि माणूस तोवर शुद्धीवर असतो. म्हणून कंदील वेळेवर सूचना देई. परंतु हवेत प्राणवायू पुरेसा असून त्यात विषारी वायू मिसळला असेल, तर कंदील खुशाल जळत राहतो आणि माणूस मात्र कोसळतो. ज्वालाग्राही वायू साचला असेल तर तोच कंदील स्फोटाला कारण होतो. साधन असणे आणि साधनाची मर्यादा ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे.

२. शरीर फसते कसे

जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाचे नाव येथे आदराने घ्यावयास हवे. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. हॉल्डेन यांनी तेथील मृतदेह तपासले आणि त्यांना असे आढळले की बहुतेक माणसे स्फोटाच्या धक्क्याने मेलीच नव्हती; ती स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेली होती. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. यातूनच खाणीत लहान पक्षी नेण्याचा उपाय पुढे आला. पक्ष्याचा श्वासोच्छ्वास वेगाचा असल्याने विषाची बाधा त्याला माणसाच्या आधी होते. विलायतेत कॅनरी वापरीत. आपल्या खाणींत मुनिया वापरीत.

१९०५ साली हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी आणखी महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. श्वास घेण्याची ओढ शरीराला कशाने लागते? सामान्य समजूत अशी की प्राणवायू कमी पडला की जीव गुदमरतो. या दोघांनी दाखवून दिले की सामान्यतः श्वासाची लय कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणावर चालते. तो साठू लागला की छाती भरून येते, धाप लागते. प्राणवायू हळूहळू कमी होत गेला आणि कार्बन डाय-ऑक्साइड मात्र निघून जात राहिला, तर माणसाला गुदमरल्याची जाणीव फारशी होतच नाही. त्याला बरे वाटते, कधी अधिकच हुशारी वाटते, आणि पुढच्या क्षणी गुडघे मोडून तो खाली येतो.

हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हेही थोर शास्त्रज्ञ होते. १९५७ साली ते भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांनी स्वतः सांगितलेली बालपणीची एक आठवण या विषयाचे मर्म सांगते. वडिलांनी त्यांना एका खाणीत नेले आणि छताजवळ वायू साचला होता तेथे उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच ओळी म्हणून झाल्या, आणि मुलाचे पाय लटपटून तो खाली पडला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तो सावरला. मिथेन हलका असल्याने वर साचतो, हे मुलगा त्या दिवशी कायमचे शिकला. 

तिसरी फसवणूक नाकाची. गटारात, मळीच्या टाकीत, सडलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणातही कळतो. परंतु प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. 'आता वास येत नाही, वायू गेला असावा' असे माणसाला वाटते, नेमके तेव्हाच तो सर्वाधिक धोक्यात असतो.

म्हणजे फुप्फुस, मेंदू आणि नाक हे निसर्गाने दिलेले तिन्ही पहारेकरी या संकटात दगा देतात. म्हणून पहारा बाहेरून द्यावा लागतो. श्वसनयंत्राची तपासणी ही निव्वळ कार्यालयीन औपचारिकता नाही, याचे कारण हेच.

३. यंत्राचा जन्म आणि पहिले धडे

बाहेरची हवा नळीतून माणसाला पुरवावी, ही कल्पना जुनी आहे. १८२३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन याने धुरात शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. डोक्यावर तांब्याचे टोप, त्याला चामड्याची नळी, आणि बाहेर भाता चालविणारा माणूस, अशी ती रचना होती. पुढे पाणबुड्यांचा पोशाख यातूनच विकसित झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की धुरातील माणसाचा जीव त्याच्या स्वतःच्या हाती नसून भात्यावरच्या माणसाच्या हाती होता. दोनशे वर्षांत भात्याची जागा विजेच्या कॉम्प्रेसरने घेतली, पण हे नाते बदललेले नाही.

नळी फार लांब नेता येत नाही, अडकते, तुटते. म्हणून हवा सोबत नेण्याची दुसरी वाट निघाली. हेन्री फ्ल्यूस याने १८७८-७९ च्या सुमारास प्राणवायूचे नळकांडे आणि उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषणारे रसायन यांची जोड घालून बंदिस्त यंत्र बनविले. माणूस तीच हवा पुनःपुन्हा घेतो. रसायन ती शुद्ध करते. नळकांडे खर्च झालेला प्राणवायू भरून काढते. इंग्लंडमधील सीबे-गोरमनचे 'प्रोटो' आणि जर्मनीतील ड्रेगरची यंत्रे याच तत्त्वावर पुढे आली.

१० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कूरिएर येथे युरोपातील सर्वांत मोठी खाण-दुर्घटना घडली. १,०९९ माणसे गेली. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात वैर असतानाही जर्मन खाणकामगारांची बचाव तुकडी श्वसनयंत्रे घेऊन मदतीला आली. दुर्घटनेनंतर वीस दिवसांनी तेरा माणसे स्वतःच वाट काढीत जिवंत बाहेर आली, आणि त्यानंतर आणखी एक. या घटनेने साऱ्या जगाला दोन गोष्टी कळल्या. श्वसनयंत्र हवे, ही पहिली. ते दुर्घटना घडल्यावर आणून चालत नाही, ही दुसरी. ते आधीपासून जवळच्या केंद्रात, चालू स्थितीत, आणि सराव असलेल्या माणसांच्या हाती असावे लागते.

दोनच वर्षांनी, १९०८ साली, इंग्लंडमधील हॅमस्टेड खाणीत आग लागली. तेथे श्वसनयंत्र घालून आत गेलेला एक बचाव-कामगारच मृत्युमुखी पडला. यंत्र पाठीवर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हा कटू धडा तेथे मिळाला.

बंदिस्त यंत्रात एक विशेष धोका दडलेला असतो. श्वासाच्या पिशवीत नायट्रोजन साठला आणि प्राणवायूचा पुरवठा किंचित अडला, तर पिशवी फुगलेली दिसते, श्वास सहज चालतो, आणि रसायन कार्बन डाय-ऑक्साइड शोषीत असल्याने धापही लागत नाही. माणूस प्रत्यक्षात नायट्रोजन घेत असतो. मघाशी सांगितलेला शरीरशास्त्राचा नियम येथे प्राणघातक ठरतो. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी प्राणवायूचा प्रवाह मोजावा, पिशवी धुऊन काढल्याप्रमाणे प्राणवायूने रिकामी-भरती करावी, आणि गळती तपासावी, असे नियम झाले. हे नियम कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाहीत.

४. भारतातील वाटचाल

१८ डिसेंबर १९३६ रोजी राणीगंज कोळसा क्षेत्रातील पोईडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसे गेली. त्यानंतर १९३९ साली कोळसा खाणींसाठी बचावाचे नियम झाले, आणि सीतारामपूर व धनसार येथे बचाव केंद्रे उभी राहिली. पुढे १९५९ आणि १९८५ साली हे नियम नव्याने करण्यात आले. आपल्या बाजूस परासिया व नागपूर येथेही बचावाची व्यवस्था झाली. बचाव-प्रशिक्षण घेतलेला माणूस खाणीच्या दैनंदिन कामात इतरांसारखाच असतो. पण ठरावीक काळाने त्याला केंद्रात जाऊन धुराच्या व उष्णतेच्या दालनात यंत्र घालून सराव करावा लागतो.

भारतातील बचाव केंद्रांत दीर्घकाळ वापरले गेलेले ड्रेगरचे बीजी १७४ हे यंत्र उदाहरणादाखल घेऊ. त्याचे नळकांडे २ लिटरचे. २०० बार दाबाने भरले की त्यात सुमारे ४०० लिटर प्राणवायू मावतो. यंत्र मिनिटाला १.५ लिटर प्राणवायू सोडते. गणिताचा साधा भागाकार केला तर २६६ मिनिटे येतात. म्हणजे राखीव साठा धरून चार तासांचे काम. आता कल्पना करा, की नळकांडे २०० ऐवजी १५० बारपर्यंतच भरले आहे आणि ते कोणी पाहिले नाही. २६६ ची २०० मिनिटे झाली. परतीच्या वाटेवरचा तासाहून अधिक अवधी कागदावरच राहिला. पाचवीतला विद्यार्थी हे गणित करील. पण ते खाणीच्या तोंडाशी, उतरण्यापूर्वी, दाबमापक पाहून करावे लागते.

पेंच खोऱ्याच्या इतिहासात १० डिसेंबर १९५४ ही काळी तारीख आहे. न्यूटन चिखली खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातून पाणी घुसले आणि साठाहून अधिक कामगार बुडाले. हे संकट पाण्याचे होते. श्वसनयंत्राचा येथे उपाय नव्हता. तरीही या घटनेचा आपल्या विषयाशी संबंध आहे. जुन्या कामाचा नकाशा आणि त्याची नोंद बिनचूक असणे ही खाणीतील पहिली तपासणी होय. नोंद चुकली किंवा पाहिली गेली नाही की पुढच्या पिढीतील माणसे तिची किंमत देतात.

खाणीबाहेरही हीच कथा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ साली ते नागपूरला आले. देशभरचे अग्निशमन अधिकारी श्वसनयंत्र वापरण्याचे शिक्षण आपल्या शेजारच्या नागपुरात घेत आले आहेत, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा.

१९४८ सालच्या कारखाने अधिनियमाचे ३६ वे कलम या दृष्टीने आवर्जून पाहण्याजोगे आहे. टाकी, हौद, नळ, धुराडे अशा बंदिस्त जागी विषारी वायूची शक्यता असेल तर श्वसनयंत्र घातल्याशिवाय आणि कमरेला पट्टा व दोर बांधून त्याचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय कोणी उतरू नये, असा त्याचा आशय होता. मूळ कायदा एवढ्यावर थांबला नव्हता. ही साधने त्या जागेजवळ तत्काळ वापरता येतील अशी ठेवावीत, जाणकार व्यक्तीने ती वेळोवेळी तपासून योग्य असल्याचे प्रमाणित करावे, आणि पुरेशा कामगारांना त्यांचा सराव द्यावा, असेही त्यात म्हटले होते. यंत्र, तपासणी आणि सराव ही त्रयी आपल्या कायद्याने स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी ओळखली होती.

५. नळीतून येणारी हवा

आता कारखान्यातील हवा-पुरवठ्याच्या यंत्राकडे वळू. वाळूच्या फवाऱ्याने लोखंड घासणे, बंद खोलीत रंगाचा फवारा मारणे, टाकीच्या आतील सफाई करणे, अशा कामांत कामगाराच्या मुखवट्याला किंवा टोपाला कॉम्प्रेसरमधून नळीने हवा दिली जाते. नळकांडे संपण्याची भीती नसल्याने ही पद्धत सोयीची वाटते. परंतु येथे हवेचा उगम कामगाराच्या दृष्टीआड असतो. तो भिंतीच्या आत. कॉम्प्रेसर भिंतीच्या बाहेर.

कॉम्प्रेसर जवळपासची जी हवा असेल ती ओढतो. शेजारी डिझेलचे इंजिन किंवा मालमोटार सुरू असेल तर तिचा धूर तो थेट कामगाराच्या नाकाशी पोहोचवितो. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर अति तापला तर वंगणाचे तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गाळण्या तुंबल्या तर तेलाचे तुषार आणि ओलावा नळीत उतरतात. म्हणून या हवेची शुद्धता मोजण्याची मानके ठरली. अमेरिकेतील मानकानुसार श्वसनासाठी दिलेल्या हवेत प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्के असावा. कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसावा. कार्बन डाय-ऑक्साइड १,००० भागांहून अधिक नसावा. आणि तेल दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅमच्या आत असावे. हवा शुद्ध असून भागत नाही, ती पुरेशीही हवी. घट्ट बसणाऱ्या मुखवट्याला मिनिटाला ११५ लिटर आणि सैल टोपाला १७० लिटर प्रवाह हवा, असे तेथील मानक सांगते. ब्रिटनमध्ये अशा पुरवठ्याचा प्रवाह आणि शुद्धता निदान तीन महिन्यांतून एकदा मोजून त्याची नोंद पाच वर्षे जपावी लागते. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने श्वसनयंत्रांची आणि त्यांच्या निगेची मानके प्रसिद्ध केलेली आहेत.

मानके पुस्तकात असतात. निगा मात्र हाताने राखावी लागते. ती राखणारा माणूस काय काय पाहतो, हे थोडक्यात सांगतो. मुखवट्याची रबरी कड चिरलेली नाही ना? उच्छ्वासाची झडप पातळ चकतीसारखी असते. तिच्याखाली एखादा केस किंवा धुळीचा कण अडकला तरी बाहेरची हवा आत येते. पट्ट्यांची ताण गेलेली नाही ना? नळीला बाक, चीर किंवा जळकी जागा नाही ना? जोडण्या अशा आहेत ना, की दुसऱ्या वायूच्या नळाला ही नळी चुकूनही बसणार नाही? घट्ट मुखवटा घातल्यावर नळी तळहाताने बंद करून श्वास ओढला असता मुखवटा चेहऱ्याला चिकटून राहतो ना? दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही, हे कामगाराला सांगावे लागते, आणि सांगताना त्याचा मान राखावा लागतो. वापर झाल्यावर मुखवटा धुऊन, निर्जंतुक करून, सावलीत वाळवून ठेवावा लागतो.

शेवटचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तिकेत रबर अमुक वर्षे टिकते असे छापलेले असते. आपल्याकडे वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले रबर त्याआधीच कडक होते, चिरते. पावसाळ्यात ओल्या मुखवट्यावर बुरशी धरते. यंत्र परदेशी असो वा देशी, त्याची निगा येथील हवामान पाहूनच ठरवावी लागते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही; ते त्याच कोठारात दहा उन्हाळे काढलेल्या माणसाकडे असते.

६. दुसऱ्या माणसाचा मृत्यू

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली एक विदारक गोष्ट नोंदविली. बंदिस्त जागेतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक हे आधी पडलेल्याला वाचवायला गेलेले होते. आकडा परदेशी असला तरी अनुभव आपला आहे. विहिरीत एक भाऊ कोसळतो, दुसरा धावत उतरतो, शेजारी तिसरा उतरतो. हे धैर्य खोटे नाही. पण धैर्याला यंत्राची, आणि यंत्राला तपासणीची जोड नसेल, तर ते धैर्य एका घरातील एकाऐवजी तीन ताटे रिकामी करते.

शहरांच्या गटारांत हेच घडत आले आहे. ज्या समाजघटकांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांच्याच वाट्याला हे मरण आले, ही आपल्या समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा झाला. त्याखालील नियमांत हवा-नळीच्या श्वसनयंत्रासह संरक्षक साधनांची लांबलचक यादी आहे, आणि ही साधने दर सहा महिन्यांनी तपासून दुरुस्त करण्याचे बंधन मालकावर आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दल दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली; २०२३ साली ती तीस लाख केली. भरपाई वाढली हे न्यायाचेच झाले. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते आणि तपासणी मृत्यूपूर्वी करावयाची असते. ज्या नगरात यंत्र कपाटात कुलूपबंद आहे, किंवा यंत्र आहे पण झडप गेलेली आहे, तेथे कायदा पाळला गेला असे कसे म्हणावे?

येथे एक आक्षेप घेतला जातो. एवढ्या तपासण्या, एवढ्या नोंदी, यात वेळ जातो, खर्च होतो. लहान कंत्राटदाराला हे परवडत नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही. कॉम्प्रेसरच्या हवेची चाचणी करणारी साधने महाग असतात आणि जाणकार माणूस लहान गावात सहज मिळत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकेकट्या कंत्राटदारावर सोडून चालणार नाही. खाणींनी बचाव केंद्र सामाईक ठेवले, त्याच धर्तीवर एखाद्या औद्योगिक क्षेत्राला, नगरपालिकेला किंवा चार-पाच ग्रामपंचायतींना मिळून तपासणीची सामाईक सोय करता येईल. विहिरीत उतरण्यापूर्वी वायू मोजणारे लहान यंत्र आता तळहातात मावते. ते गावात एक असावे, आणि ते कोणी, केव्हा तपासले याची नोंद असावी.

७. नोंदवही

समारोपाकडे येतो. श्वसनयंत्राच्या निगेत सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त उपेक्षित वस्तू म्हणजे नोंदवही. तारीख, यंत्राचा क्रमांक, दाब, प्रवाह, गळती, दोष, दुरुस्ती, सही. अनेक ठिकाणी ही वही महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच शाईने भरली जाते, हे जाणकारांना ठाऊक आहे. तशी भरलेली वही सुंदर दिसते. तिच्यात एकही दोष नोंदलेला नसतो. खरे पाहता जिच्यात कधीच दोष सापडलेला नाही, ती वही संशयास्पद मानावी. कारण वापरातल्या यंत्रात दोष निघतातच. 'झडप चिकटते, यंत्र बाजूस ठेवले' अशी एक वाकड्या अक्षरातली ओळ शंभर सुबक सह्यांहून अधिक मोलाची.

अशी ओळ लिहायला धैर्य लागते. यंत्र बाजूस ठेवले की काम थांबते, वरिष्ठ नाराज होतात, सहकारी कुरकुर करतात. आगीत उडी घेण्याचे धैर्य लोकांना दिसते. हे धैर्य कोणाला दिसत नाही. ज्याचा जीव वाचला त्यालाही ते कळत नाही, कारण घडलेच काही नाही. न घडलेल्या दुर्घटनेचा इतिहास लिहिला जात नाही. तरी मनुष्यजातीचे बरेचसे कल्याण या न लिहिलेल्या इतिहासातच सामावलेले आहे.

शाळेचे काम येथूनच सुरू होते. आपल्यापैकी काही माजी विद्यार्थी खाणीत असतील, काही कारखान्यात, काही अधिकारी, काही कंत्राटदार. प्रयोगाचे निरीक्षण जसे आले तसे लिहावे, उत्तर जुळविण्यासाठी आकडा बदलू नये, हे ज्या गुरुजनांनी शिकविले त्यांना कदाचित ठाऊकही नसेल, की या शिकवणीवर पुढे कोणाचा तरी श्वास अवलंबून राहणार आहे. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या शिक्षकी परंपरेला याहून वेगळे अभिवादन मला सुचत नाही. आपल्या हातून ज्या वहीवर सही होईल, ती पाहून, तपासून, खरी करावी. भिंतीच्या पलीकडे कोणीतरी आपल्या भरवशावर श्वास घेत असतो.